मागच्या बाकावरून काय पाहावे?

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी भांडुपमधील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. यंदा आमच्या शाळेत बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाच्या छात्राध्यापिका आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत शिकवण्याच्या सरावासाठी, आल्या असून त्यांपैकी चौघींची जबाबदारी मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे दिली आहे. तिघींचे बरे चालले आहे. चौथी मुलगी हुशार आहे, बी.एस्सी.ला तिला उत्तम गुण होते. परंतु वर्गात उभी राहिली की अडखळते, मधूनच इंग्रजी शब्द वापरते, मग मुले हसतात आणि पाच मिनिटांत वर्गाचा बाजार होतो. शेवटी मी उठते, मुलांना गप्प करते आणि पुष्कळदा पाठ मीच पूर्ण करते. दुसऱ्या दिवशी तोच भाग मी पुन्हा शिकवते, कारण अभ्यासक्रम मागे पडून चालत नाही. महाविद्यालयाचे प्राध्यापक आठवड्यातून एकदा येतात, दहा मिनिटे बसतात आणि वहीत ‘चांगला प्रयत्न, फळा नियोजन सुधारावे’ असे लिहून जातात. दुसरीकडे, कोणी शिक्षक रजेवर किंवा निवडणुकीच्या कामावर असला की या मुलींना प्रॉक्सीला, म्हणजे त्याच्या रिकाम्या वर्गावर, पाठवले जाते.

मी मध्ये बोलावे की बोलू नये? तिला खरे सांगितले तर ती खचेल आणि न सांगितले तर मुलांचे नुकसान होईल. शेवटी मूल्यमापनाच्या तक्त्यावर सही माझीच असणार आहे. काय करावे?

— एक विज्ञान शिक्षिका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील प्रश्नांपैकी ‘मध्ये बोलावे की नाही’ हा प्रश्न रोज तुमच्यासमोर येतो, त्यामुळे सुरुवात त्याच्यापासून करते. तुम्ही उठून वर्ग शांत करता, तेव्हा त्या क्षणापुरता वर्ग शांत होतो हे खरे. परंतु त्याच क्षणी अठ्ठावन्न-साठ मुलांना हेही समजते की फळ्यापाशी उभी असलेली व्यक्ती ही खरी शिक्षिका नाही, खरी शिक्षिका मागे बसली आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना हे पुन्हा पडताळून पाहायचे असते. म्हणजे ज्या गोंगाटामुळे तुम्हाला उठावे लागते, तो काही अंशी तुमच्या उठण्यामुळेच वाढत जातो. म्हणून तास चालू असताना हस्तक्षेप करण्याची कारणे दोनच ठेवावीत, असे मी सुचवीन. एखाद्या मुलाच्या सुरक्षिततेला किंवा प्रतिष्ठेला धक्का पोहोचत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता बोलावे. आणि फळ्यावर आशयाची अशी चूक लिहिली गेली असेल की ती साठ वह्यांत उतरून परीक्षेपर्यंत टिकेल, तर तीही त्याच तासाला दुरुस्त व्हायला हवी.

ही दुसरी दुरुस्तीसुद्धा वर्ग हातात न घेता करता येते. समजा, तिने ‘वजनाचे एकक किलोग्रॅम’ असे लिहिले. तुम्ही मागच्या बाकावरून हात वर करून विद्यार्थ्यासारखे विचारावे, ‘मॅडम, वस्तुमान आणि वजन या दोहोंचे एकक एकच आहे का?’ ती बुद्धिमान आहे असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा तिला खूण पटेल, ती न्यूटन लिहील आणि मुलांच्या दृष्टीने दुरुस्ती तिनेच केलेली असेल. तिच्या लक्षात आले नाही, तर तास संपल्यावर तिला सांगावे आणि दुसऱ्या दिवशी ‘काल फळ्यावर लिहिलेल्या एका वाक्यात दुरुस्ती आहे’ असे म्हणून तिनेच ती वर्गात करावी. आपले चुकलेले वाक्य सरळपणे दुरुस्त करणारी शिक्षिका मुलांना क्वचितच पाहायला मिळते. ती पाहण्याने मुलांचे नुकसान काहीच होत नाही. बाकी सगळे, म्हणजे रेंगाळलेली प्रस्तावना, गिचमिड फळा, अर्धवट राहिलेला गृहपाठ, तास संपेपर्यंत थांबू शकते.

आता त्या मुलीविषयी. तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकापाठोपाठ आल्या आहेत: ती अडखळते, इंग्रजी शब्द वापरते, मुले हसतात. यांतून भित्रेपणाचा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला मात्र येथे भाषेचा प्रश्न अधिक दिसतो. मुंबईत विज्ञानाची पदवी इंग्रजीतूनच होते, शालेय शिक्षणही अनेकींचे इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमात झालेले असते, आणि सेमी-इंग्रजीत तर विज्ञान आणि गणित हे नेमके दोन विषय इंग्रजीतूनच शिकवले जातात. अशी मुलगी मराठी माध्यमाच्या आठवीत ‘बल व दाब’ शिकवायला उभी राहते, तेव्हा तिला संकल्पना पूर्ण ठाऊक असते, पण ‘इनर्शिया’साठी जडत्व, ‘डेन्सिटी’साठी घनता, ‘बॉयन्सी’साठी प्लावक बल हे शब्द तिला मनात शोधावे लागतात. एका शब्दासाठी थांबलेले दोन क्षण वर्गाला पुरतात. तेव्हा तिला धीर देण्यापूर्वी तिला शब्द द्या. घटक सुरू होण्याच्या आठवडाभर आधी पाठ्यपुस्तकातील पारिभाषिक शब्दांची यादी तिने स्वतः करावी, त्यातील प्रत्येक शब्द एका पूर्ण मराठी वाक्यात मोठ्याने म्हणून पाहावा आणि पहिल्या दोन तासांत फळ्याच्या उजव्या कडेला तो शब्द मराठीत आणि इंग्रजीत असा दोन्ही प्रकारे लिहून ठेवावा. यात मुलांचाही फायदाच आहे, कारण अकरावीला विज्ञान शाखेत जाणाऱ्या मुलांना हेच शब्द एकाएकी इंग्रजीतून भेटतात आणि तेव्हा त्यांची अवस्था आज या मुलीची आहे तशीच होते. मुले हसली, तर ‘जडत्वाला इंग्रजीत काय म्हणतात ते तुम्ही सांगा, मराठीत काय म्हणतात ते मी सांगते’ असे तिने म्हणून पाहावे. मुलांना देवघेव आवडते.

माझा हा तर्क चुकीचाही असू शकतो, आणि म्हणूनच मागच्या बाकावर बसून काय पाहायचे याचा विचार करणे आवश्यक आहे. ‘वर्गनियंत्रण कमी’ हा शेरा खरा असला तरी त्याचा कोणाला उपयोग होत नाही. गोंगाट कोणत्या क्षणी सुरू झाला ही नोंद उपयोगी पडते. एका कोऱ्या कागदावर वर्गातील बाकांचा आराखडा काढा. ती जिला किंवा ज्याला प्रश्न विचारील त्या बाकावर एक खूण करा, उत्तर मिळाले की दुसरी खूण करा आणि कुजबुज जेथून सुरू झाली तेथे वेळ लिहा. पस्तीस मिनिटांच्या तासात एवढे सहज होते. संशोधनात यासाठी फार काटेकोर पद्धती आहेत. नेड फ्लँडर्स यांच्या आंतरक्रिया विश्लेषणात, म्हणजे वर्गातील शिक्षक-विद्यार्थी संवादाच्या नोंदीत, तर दर तीन सेकंदांनी दहा प्रकारांपैकी एका प्रकाराची नोंद करावी लागते आणि बी.एड.ला आपण सर्वांनीच तो तक्ता पाठ केलेला आहे. शाळेतल्या शिक्षिकेला त्याची गरज नाही. बाकांचा नकाशा पुरेसा असतो. त्यावर बहुधा दिसते ते असे: सगळे प्रश्न पहिल्या तीन बाकांना आणि मधल्या रांगेला गेलेले असतात, खिडकीकडच्या रांगेला तासभर कोणी हाकही मारलेली नसते, आणि ती फळ्याकडे वळून लांबलचक व्याख्या लिहू लागते त्याच मिनिटाला गोंगाटाची पहिली खूण पडलेली असते. असे दिसले, तर उपाय तिच्या स्वभावात शोधण्याचे कारण उरत नाही. व्याख्या आधीच लिहून ठेवाव्यात, किंवा एखाद्या विद्यार्थ्याला लिहायला सांगून तिने वर्गाकडे तोंड करून उभे राहावे.

आणखी एक गोष्ट घड्याळावर मोजा. प्रश्न विचारल्यानंतर ती किती वेळ थांबते? अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास करून १९७०च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि हा काळ तीन सेकंदांच्या वर नेला की मुलांची उत्तरे लांबतात, अधिक मुले उत्तर देऊ लागतात आणि ‘माहीत नाही’ म्हणणे किंवा नुसते गप्प राहणे कमी होते. घाबरलेल्या शिक्षिकेला तर शांततेचा एक सेकंदही युगासारखा वाटतो आणि ती स्वतःच उत्तर देऊन टाकते. मग मुलांना कळते की थोडे थांबले की उत्तर आपोआप मिळते. अनुभवी शिक्षकांच्या वर्गातही हेच घडते. एकदा तिला तुमच्या तासाला घड्याळ घेऊन बसवा आणि तुमचा वेळ तिला मोजू द्या. माझ्या मते तिच्याशी मोकळेपणाने बोलण्याची याहून चांगली सुरुवात नाही.

तुमच्या पत्रातील सर्व प्रसंग तास सुरू झाल्यानंतरचे किंवा संपल्यानंतरचे आहेत, तासाच्या आधीचा एकही नाही, आणि माझ्या मते मुख्य अडचण येथेच आहे. १९५०-६०च्या दशकांत हार्वर्ड विद्यापीठात मॉरिस कोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ निरीक्षणाची जी पद्धत विकसित केली, तिच्यात निरीक्षणाच्या आधीची चर्चा हा स्वतंत्र टप्पाच होता: आज काय शिकवायचे आहे, अडचण कोठे येईल असे वाटते आणि मी मागे बसून नेमके काय पाहावे, हे दोघांनी मिळून आधी ठरवायचे. आपल्याकडे त्याऐवजी टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, तपासले जाते. टाचण बहुधा नीटनेटकेच असते, कारण ते मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेले असते. उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, प्रस्तावना, हेतुकथन, विकसन, उपयोजन सगळे रकाने भरलेले असतात आणि जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अनुयायांची पंचपदी, म्हणजे पाठाच्या ठरलेल्या पाच पायऱ्या, एकविसाव्या शतकातही आपापल्या जागी बसलेली असते. त्यावर सही करण्याऐवजी तिला एकच विचारा, ‘या भागात मुले कोठे चुकतील?’

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. दाबाचेच घ्या. बल वाढले की दाब वाढतो हे मुले चटकन मान्य करतात, आणि त्यातूनच ‘जड वस्तूचा दाब नेहमीच जास्त’ अशी पक्की गैरसमजूत करून घेतात; क्षेत्रफळाचा भाग सूत्रात राहतो, डोक्यात उतरत नाही. हे तिला आधी सुचले, तर ती आपल्या मुलांच्या रोजच्या लोकलमधले उदाहरण घेईल. ६०० न्यूटन वजनाचा माणूस दोन्ही पायांवर उभा आहे आणि त्याच्या तळव्यांचे मिळून क्षेत्रफळ ०.०३ चौरस मीटर आहे, तर जमिनीवर २०,००० पास्कल दाब पडतो; ठाण्याला गर्दी चढली आणि त्याला एकाच पायावर उभे राहावे लागले, तर वजन तेच राहूनही दाब ४०,००० पास्कल होतो. आणि ज्याच्या पायावर त्याचा पाय पडतो त्याला हे सूत्राशिवाय समजते. हे उदाहरण तिला तुम्ही आयते देऊ नका. मुलांची चूक तिच्या लक्षात आली की उदाहरण ती स्वतः शोधील, आणि स्वतः शोधलेले उदाहरण सांगताना तिचा आवाजही बदललेला तुम्हाला जाणवेल.

पाठाआधीच्या या दहा मिनिटांच्या बोलण्याला वेळ कोठून काढायचा, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. दुपारचे अधिवेशन भरायच्या आत इमारत रिकामी करायची असते, ती कदाचित टिटवाळ्याहून किंवा विरारहून येत असेल, आणि संध्याकाळी तिच्या शिकवण्या असतील. म्हणून ‘वेळ मिळेल तेव्हा बोलू’ असे म्हटले तर ते कधीच होणार नाही. वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकांना भेटून आठवड्यातील तुमचा एक ऑफ तास आणि चौघींचा मोकळा तास एकाच वेळी येईल असे करून घ्या. चौघींची जोड्यांत विभागणी करा आणि एकीच्या पाठाला दुसरीने बाकांचा नकाशा भरावा असे ठरवा. प्रत्येक पाठाला तुम्ही बसलेच पाहिजे असे नाही. तुम्ही शेजारच्या प्रयोगशाळेत असलात, हाकेच्या अंतरावर असलात, तरी पुरते. चांगले पाठ घेणाऱ्या तिघींकडे तुमचे लक्ष कमी होत असेल तर तेही तपासून पाहा. त्यांनाही पुढे जायचे आहे, आणि ‘बरे चालले आहे’ एवढ्यावर त्यांची बोळवण होता कामा नये.

तुम्ही स्वतः शिकवता तेव्हा त्यांना काय दिसते? शाळेत बाकावर बसून त्यांनी बारा-तेरा वर्षे शिक्षक पाहिलेले आहेत, परंतु ते समोरून. शिक्षिका अमुक मुलाला प्रश्न का विचारते, तिसरे उदाहरण का सोडून देते, एका मुलाच्या खोडीकडे काणाडोळा का करते आणि दुसऱ्याच्या जवळ जाऊन नुसती उभी का राहते, हे बाकावरून दिसत नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने हे निर्णय तुमच्या हातून आपोआप होतात, म्हणून ते सांगण्यासारखे आहेत असे तुम्हालाही वाटत नाही. पण या मुलींना तुमच्याकडून मिळण्यासारखे सर्वांत मोलाचे असे हेच आहे. महाविद्यालयात त्यांनी सूक्ष्म अध्यापन केलेले असते: सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी झालेल्या पाच-दहा मैत्रिणी, आणि एका वेळी एकच कौशल्य. तो सराव उपयुक्त आहे, पण मैत्रिणी खोड्या काढत नाहीत, त्यांना डबा खाण्याची घाई नसते आणि त्यांना उत्तर आधीच ठाऊक असते. तेव्हा तुमच्या एका तासानंतर पाच मिनिटे बसून त्या तासातील तीन निर्णय बोलून दाखवा: ‘चौथ्या बाकावरचा मुलगा चुकला तरी मी लगेच दुरुस्त केले नाही, कारण शेजारची मुलगी त्याला समजावत होती.’ या एका वाक्याने त्यांना जे कळते ते शेऱ्यांच्या वहीभर मजकुराने कळत नाही.

पाठानंतर काय सांगावे, याबाबत माझे मत ठाम आहे: एका पाठाला एकच गोष्ट. सात दोष एकदम सांगितले की सुधारणा एकाही दोषात होत नाही आणि तुम्ही म्हणता तशी मुलगी खचते. आधी तिला बोलू द्या, मग नकाशा तिच्यासमोर ठेवा आणि ‘यात तुला काय दिसते?’ असे विचारा. दहांतल्या नऊ वेळा खिडकीकडची रांग ती स्वतःच दाखवील. मग पुढच्या पाठात तेवढेच करून पाहायचे ठरवा आणि त्या पाठाला तुम्हीही तेवढेच पाहा. तिला खरे सांगायचे की नाही हा पेच त्यामुळे पुष्कळसा सुटतो, कारण खरे काय ते कागदावर असते आणि ते तिच्या स्वभावाविषयी काहीच म्हणत नाही. हे बोलणे स्टाफरूममध्ये करू नये, इतर तिघींसमोर करू नये, आणि मुलांसमोर तर तिचा उल्लेख नेहमी ‘मॅडम’ असाच व्हावा, ‘ती बी.एड.ची मुलगी’ हा शब्दप्रयोग शिपायांपर्यंत सर्वांच्या तोंडून थांबवता आला तर उत्तम.

दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा शिकवण्याची तुमची पद्धत मात्र थांबवावी. वर्गाला त्यातून कळते की आदल्या दिवशी लक्ष दिले नाही तरी चालते. अभ्यासक्रमाची तुमची चिंता रास्त आहे, पण तिच्यासाठी वेगळा मार्ग आहे. तासाची शेवटची पाच मिनिटे राखून ठेवून मुलांकडून चिठ्ठीवर दोन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत. चिठ्ठ्या तिनेच तपासाव्यात, आणि किती मुलांना काय समजले नाही हे पाहून पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटे त्यावर तिनेच घ्यावीत. तुम्हाला पाठ पुन्हा घ्यावा लागला, तर कोणता भाग आणि का, याचा पुरावा तुमच्यासमोर असेल. तसेच त्यांना इकडचा एक आणि तिकडचा एक असे सुटे पाठ देऊ नका. एक पूर्ण घटक द्या, त्याची घटक चाचणीही त्यांनाच काढू द्या आणि तपासू द्या. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या विनियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि वीस आठवडे शाळेत घालवणे आवश्यक ठरले, त्यांतील चार पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या वर्षी. न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ साली शिक्षक-प्रशिक्षणाचा काळ वाढवावा असे सुचवले होते आणि तो आयोग नेमला जाण्यामागे आपल्याच राज्यातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद होता, हे आता फारसे कोणाला आठवत नाही. काळ वाढला, पण पुष्कळ शाळांची आणि महाविद्यालयांची सवय अजून मोजून सराव पाठ उरकण्याचीच आहे. सोळा आठवड्यांत घटक शिकवणे, चाचणी घेणे, पालक सभेला बसणे, हजेरीपट सांभाळणे हे सर्व होऊ शकते.

प्रॉक्सीविषयी मुख्याध्यापिकांना दोष देण्याआधी त्यांची अडचण लक्षात घ्यावी. तीन शिक्षक निवडणुकीच्या कामावर, एक रजेवर, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना) पदे कमी झालेली, आणि समोर रिकामे वर्ग. अशा वेळी शाळेत हजर असलेली चार तरुण माणसे त्यांच्या नजरेत भरणारच. तरीही छात्राध्यापिका ही शाळेची कर्मचारी नाही, आणि तिच्या ताब्यातील वर्गात काही घडले तर जबाबदारी शाळेवरच येते, हे त्यांना शांतपणे सांगता येईल. नकार देण्यापेक्षा अटी सुचवा: पहिले तीन आठवडे कोणीही एकटीने प्रॉक्सी घेऊ नये, त्यानंतर ज्या वर्गाला त्या शिकवतात त्याच वर्गाची प्रॉक्सी द्यावी आणि तीही दोघींना मिळून, आणि त्या तासाला करायचे काम नेमून दिलेले असावे. अनोळखी सातवीत ‘मुलांना गप्प बसवा’ एवढ्या सूचनेवर पाठवलेली मुलगी त्या तासात जे शिकते, ते ओरडणे असते.

ओरडण्याच्या पुढे काय येते, हेही पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगायला हवे. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. तो कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असला तरी नववी-दहावीला वेगळा नियम लावण्याचे काहीच कारण नाही. बाकावर उभे करणे आणि जातीवरून, घरावरून किंवा आईवडिलांच्या कामावरून बोलणे हेही त्यात आले. मुलांचे फोटो स्वतःच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकू नयेत आणि विद्यार्थ्यांना वैयक्तिक क्रमांक देऊ नये, हेही आता वेगळे सांगावे लागते. त्यांच्या अहवालाला छायाचित्रे लागतात, तेव्हा ती कोणती आणि कशी घ्यायची हे शाळेने ठरवून द्यावे.

प्राध्यापकांच्या शेऱ्याबद्दल तुमची नाराजी समजते. परंतु एका प्राध्यापकाकडे अनेक शाळांत विखुरलेले विद्यार्थी असतात आणि मुलुंडहून कुर्ल्याला आणि तेथून वडाळ्याला जाण्यात त्यांचा दिवस संपतो. त्यांच्याकडून अधिक वेळ मागण्यापेक्षा त्यांची दहा मिनिटे तुमच्या नकाशाशी जोडून घ्या. ‘या आठवड्यात ती प्रश्नांनंतर थांबण्याचा सराव करते आहे, कृपया तेवढेच पाहावे’ असे त्यांना आधी फोनवर सांगा आणि पाठानंतर तिघांनी मिळून पाच मिनिटे बोला. सध्या महाविद्यालय तिच्याकडून रंगीत तक्ते मागते, तुम्ही साधा फळा मागता, आणि ती दोघांनाही खूश करण्याच्या खटपटीत मुलांकडे पाहायचे विसरते. कोणाचे ऐकायचे हे तिला ठरवावे लागू नये, ते तुम्ही दोघांनी आधीच ठरवलेले असावे.

राहिली सही. सर्वांना सरसकट पैकीच्या पैकी गुण देण्याची प्रथा आहे, हे आपण दोघीही जाणतो. त्यामागे ‘आपल्या हातून कोणाचे वाईट नको’ ही भावना असते. या गुणांनी कोणाला नोकरी मिळत नाही, ते गणित टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल यांवर ठरते, म्हणून फुगवलेल्या गुणांचा तिला लाभ होत नाही. त्यातून तोटा एवढाच होतो की चांगले काम करणाऱ्या तिघींचा आणि तिचा फरक पुसला जातो. गुणांबरोबर नोंद लिहायला जागा असेल, तर दिनांकासह लिहा: अमुक पाठात चार मुलांना प्रश्न गेले होते, अमुक पाठात एकोणीस मुलांना गेले. तक्त्यात जागा नसेल तर वेगळा कागद जोडा. तिची प्रगती होत असेल तर ती या आकड्यांत दिसेल, आणि कमी गुण द्यावे लागले तरी ते का दिले हे तिला ठाऊक असेल.

प्रगती होत नसेल, तर ते सांगण्याची वेळ शेवटचा आठवडा ही नव्हे. सोळांपैकी आठवा आठवडा उलटण्यापूर्वी तुम्ही, प्राध्यापक आणि ती अशा तिघांची बैठक लावा, नकाशे समोर ठेवा आणि उरलेल्या आठवड्यांत तिला कोणता वर्ग, कोणता घटक आणि कोणती मदत द्यायची ते लेखी ठरवा. आवश्यकता वाटल्यास तिला दोन आठवडे आठवीऐवजी लहान पटाच्या तुकडीवर किंवा जोडीदारणीबरोबर शिकवू द्या. सहामाही परीक्षा सुरू झाली की ना तुम्हाला वेळ मिळेल ना वर्ग मिळेल, म्हणून ही तारीख प्राध्यापकांना याच आठवड्यात कळवून टाका.